वैजंताताईंचा फॉर्म मी भरला

वैजंताताईंना मी कधी पूर्ण बसलेलं पाहिलं नाही. खुर्चीवर असल्या तरी एक पाय जमिनीवर, दुसरा मांडीखाली आणि अंग पुढे झुकलेलं, कुणी हाक मारली तर उठायला वेळ जाऊ नये असं. हाक कुणी मारलेली नसायची. तरी त्या उठायच्या. पंखा कुरकुरतो म्हणून उठायच्या, खिडकीतून कुणाची तरी सायकल उन्हात दिसली म्हणून उठायच्या, आणि पुष्कळदा कशाला उठलो हे तिथे पोचेपर्यंत विसरून, "मी हितं कशाला आले गं?" असं तिथल्याच कुणाला तरी विचारून परत यायच्या.

कारेगावजवळच्या ज्या कारखान्यात मी ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागले, तिथे गाड्यांच्या दिव्यांचे प्लॅस्टिकचे होल्डर बनतात. शेवटच्या तपासणीच्या लांब टेबलावर बारा बाया बसायच्या. होल्डर उचलायचा, ट्यूबलाइटखाली फिरवायचा, कडेला जास्तीचं प्लॅस्टिक असेल तर छोट्या चाकूने कापायचं, चांगला ट्रेमध्ये, वाईट लाल डब्यात. वैजंताताई त्यांतल्या सगळ्यात जुन्या. पस्तिशीच्या, माहेर दौंड तालुक्यातल्या राहूचं. नवरा पिकअप चालवायचा, प्रांजल नावाची आठ वर्षांची मुलगी होती आणि कारेगावात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. सहा वर्षं त्या ठेकेदाराच्या माणसांत होत्या. त्या वर्षी कंपनी बारापैकी चौघींना कायम करणार होती.

"यंदा झालं तर झालं," त्या म्हणायच्या. "कायम झाले म्हंजी पोरीला पुण्याला डॉक्टरकडं न्यायला हक्काची रजा. मग ठेकेदारापुढं हात जोडायला नकोत."

त्यांचं मागणं एवढंच होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या पोटात काही राहायचंच नाही.

मी मुळात कमी बोलते. शिरूरच्या इंग्रजी शाळेत शिकले, पुण्यात इंजिनिअरिंग केलं आणि घराजवळ नोकरी मिळाली म्हणून परत आले. लाइनवरच्या बहुतेक बाया माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या असूनही मला मॅडम म्हणायच्या आणि मी जवळ गेले की गप्प व्हायच्या. पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी कोपऱ्यातल्या टेबलावर एकटी बसले होते. समोरची खुर्ची जोरात ओढून वैजंताताई बसल्या.

"डब्यात काय?"

"सँडविच."

त्यांनी वाकून पाहिलं. "म्हंजी पावात काकडी. हे तर आमची मेंढरं खायाची." आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या झाकणात ठेचा ठेवला. "आमच्या आबाकडं एक बोकड व्हता. त्यानं एकदा काय केलं..." एवढं बोलून त्यांची नजर दाराकडे गेली, त्या उठल्या आणि निघून गेल्या. डबा तसाच उघडा.

वीस-पंचवीस मिनिटांनी मी मशिनपाशी रीडिंग घेत होते. मागून खांद्याजवळ आवाज आला, "...तलाठ्याची टोपी खाल्ली."

त्या कंपनीत मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

त्यांच्या डाव्या हातावर कायम मार्करने काही ना काही लिहिलेलं असायचं. सोमवारी मनगटाजवळ सुरुवात व्हायची: दूध, वही, गॅस, गोळी. हात धुतले की खालची अक्षरं जायची, म्हणून त्या वर सरकत जायच्या आणि शुक्रवारपर्यंत मजकूर कोपराशी पोचायचा. मोबाइलमध्ये चार गजर होते. सकाळी दहाचा कोंबड्याच्या आरवण्याचा होता. तो झाला की टेबलावरच्या साऱ्याजणी आरवायच्या. वैजंताताई पाण्याची बाटली शोधायला लागायच्या, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या टेबलाखाली सापडायची. आयकार्ड त्यांनी इतक्या वेळा हरवलं होतं, की गेटवरचे मामा त्यांना आवाजावरूनच आत सोडायचे.

बाया त्यांना 'येडी वैजी' म्हणायच्या, तोंडावरच. त्या उलट उत्तर द्यायच्या, "येडी हाय म्हणून तर तुमच्यात बसते." शिफ्टचे सुपरवायझर काटे सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "वैजंताबाई, खुर्चीला काटे लावलेत का कुणी?"

"न्हाई सर, ते तुमच्या आडनावात हायत."

हशा झाला. काटे सरही हसले, पण जरा उशिरा. तेव्हा मला वाटलं होतं, या बाईला कशाचंच काही वाटत नाही. आता वाटतं, सगळ्यांच्या आधी आपणच हसून घेतलं की दुसऱ्याचं हसू कमी टोचतं, हे त्या फार लहानपणी शिकल्या असाव्यात.

एकदा कंपनीच्या बसमध्ये माझ्याशेजारी बसल्या असताना त्यांनी लहानपणचं सांगितलं. घरची मेंढरं होती. आबा, म्हणजे त्यांचे आजोबा, सहा-सात महिने कळप घेऊन फिरायचे आणि नातीला बरोबर न्यायचे, कारण शाळेत ती टिकत नव्हती. "आबा म्हणायचे, कुत्र्यापरीस ही पोरगी बरी. एक मेंढरू इकडं तिकडं झालं की हिला आधी कळतंय." पुढे जमीन आली, ऊस आला, मेंढरं विकली, आणि दहा वर्षांच्या वैजंताला शाळेत नीट बसवायचं ठरलं. गुरुजींनी तिला पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर, तिथून दाराबाहेर आणि शेवटी घरी पाठवलं.

"मेंढरांमागं व्हते तवर मी शहाणी व्हते," त्या म्हणाल्या. "बाकड्यावर बसवली आन् येडी झाले."

कंपनीतही मेंढरं राखणारी ती नजर होतीच. पण ती त्यांच्या कामी आली, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कारण एका दुपारी काय झालं ते मी पाहिलं आहे.

माल पॅक होऊन टेम्पोत चढत होता. वैजंताताई टेबलावरून उठल्या, बहुतेक पाणी प्यायला. डिस्पॅचच्या दारातून जाताना त्यांनी एका उघड्या खोक्याकडे पाहिलं, आत हात घातला, एक होल्डर उचलला, उजेडात धरला आणि धावत जाऊन टेम्पोसमोर उभ्या राहिल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, काटे सर ओरडताहेत आणि या होल्डर डोक्यावर धरून उभ्या: "हालवायचा न्हाई. ह्याला तडा हाय. समद्याला असल."

होल्डरच्या खाचेत केसाएवढी चीर होती. भिंगाखाली धरल्यावर मला दिसली. पूर्ण लॉट परत उतरवला, तेव्हा निम्म्याहून जास्त मालात तीच चीर निघाली. साचा तापला होता.

रिपोर्ट मी लिहिला. 'अंतिम तपासणीत दोष आढळला' असं इंग्रजीत लिहिलं आणि खाली माझी सही केली, कारण तपासणीच्या रिपोर्टवर इंजिनिअरचीच सही असते. मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेऊन कौतुक केलं. त्याच दिवशी वैजंताताईंना परवानगीशिवाय जागा सोडल्याबद्दल लेखी समज मिळाली. मीटिंगमध्ये मी दोन वाक्यं बोलले असते तर पुरलं असतं. ती मनात तयार होती, इंग्रजीतही आणि मराठीतही. मी पाण्याचा ग्लास उचलला आणि पाणी प्यायले.

वैजंताताईंनी समजेचं पत्र माझ्याकडेच वाचायला आणलं. मी वाचून दाखवलं. "बरुबर हाय," त्या म्हणाल्या. "जागा तर सोडलीच व्हती." मग पत्राची चौकोनी घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि संध्याकाळपर्यंत ते हरवलं.

गोळ्यांचं त्यांनी मला एकटीला सांगितलं. पोटात काही न राहणाऱ्या बाईने हे मात्र इतर कुणाला सांगितलं नव्हतं. बायांना दहाची गोळी थायरॉइडची वाटायची.

झालं असं होतं, की प्रांजलच्या शाळेने तिच्या तक्रारी चालवल्या होत्या. शेवटी एका चांगल्या बाईंनी पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात दाखवायला सांगितलं. डॉक्टर मुलीला तपासत होते आणि आईला प्रश्न विचारत होते. तेवढ्या वेळात आईने तीनदा उठून खिडकीचा पडदा नीट केला, टेबलावरची पेनं एका दिशेला लावली, डॉक्टरांचा प्रश्न संपायच्या आत दोनदा उत्तर दिलं आणि एकदा भलत्याच प्रश्नाचं दिलं. डॉक्टर हसले. म्हणाले, "ताई, पुढच्या वेळी तुमचाही केसपेपर काढू."

"तवा कळलं, त्याला नाव हाय," वैजंताताई म्हणाल्या. लक्ष एका जागी न ठरण्याच्या त्या आजाराचं नाव त्या एकेक अक्षर सुटं करून घ्यायच्या: ए, डी, एच, डी. "पस्तीस वर्सं मला वाटायचं, माझ्यातच खोट हाय. आई म्हणायची अवदसा. सासू देवऋष्याकडं घेऊन गेली, त्यानं लिंबू उतरवलं. ते बी मी येताना बसमधी इसरले."

"आणि गोळीने फरक पडतो?"

"कसं सांगू तुला. माझ्या डोक्यात कायम आठवडे बाजार भरलेला. मेथीवाली वरडतीय, बोंबीलवाली वरडतीय, समदे एकदम. गोळी घेतली म्हंजी बाजार काय उठत न्हाई. पर आपल्याला कुणाकडं जायाचंय, ते कळतं."

चारचौघांत त्या मला 'मॅडम, तुम्ही' म्हणायच्या आणि बसमध्ये 'पोरी, तू'. त्यांनी पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. "कुणाला बोलू नगस. म्हणतील डोक्याची गोळी खाती."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

त्या पट्टीवरचं नाव मला वाचावं लागलं नाही. ती चंदेरी पट्टी मी नववीपासून ओळखते. मीही तीच गोळी घेते.

माझं असं काही दिसत नाही. मी उठत नाही, बडबडत नाही. मी फक्त असते तिथे नसते. नववीत एका टीचरनी डायरीत लिहून पाठवलं, की मुलगी तासभर एकच पान उघडून बसते. आई मला पुण्याला घेऊन गेली. शेजाऱ्यांना आम्ही मॅथ्सच्या ट्यूशनला जातो असं सांगितलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, की शांत मुलींचं लवकर लक्षात येत नाही. घरी आल्यावर आईने गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवल्या. "उद्या तुझं लग्न करायचंय," एवढंच म्हणाली. कंपनीत मी ती गोळी वॉशरूममध्ये घेते, नळ चालू करून. वैजंताताईंच्या मोबाइलमधला कोंबडा सगळ्या टेबलाला ऐकू जायचा.

त्या दिवशी बसमध्ये मी म्हणू शकले असते, 'ताई, मलाही आहे.' तीन शब्द. मी खिडकीबाहेर पाहत राहिले आणि त्यांनी विषय बदलला.

कायम करायच्या आधी सगळ्यांची वैद्यकीय तपासणी व्हायची. शनिवारी कॅन्टीनमध्ये डॉक्टर आले. फॉर्म इंग्रजीत होते, म्हणून एचआरच्या सरांनी टेबलावरच्या बायांचे फॉर्म भरून द्यायला मला बसवलं. एकेक जण समोर येऊन बसायची. नाव, वय, रक्तगट, चष्मा. मग एक रकाना होता: फिट, चक्कर, मानसिक आजार किंवा नियमित औषध. हो की नाही, आणि हो असेल तर तपशील.

वैजंताताई सातव्या की आठव्या आल्या. वय विचारेपर्यंत बसल्या. तेवढ्यात पलीकडे टेबलावरची सगळ्यात लहान मुलगी सुई बघून रडायला लागली आणि या उठून तिचा हात धरायला गेल्या. "भर तू, आलेच," म्हणाल्या.

मी भरलं. 'हो' वर खूण केली. पुढे आजाराचं पूर्ण इंग्रजी नाव लिहिलं, स्पेलिंग न चुकता, आणि खाली गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम तेसुद्धा. ते मला पाठ होतं.

असं का केलं, याची उत्तरं मी पुष्कळ वेळा जुळवली आहेत. शाळेत आम्हाला रिकामा रकाना सोडायचा नाही, खरं तेच लिहायचं, अशी शिस्त होती. त्या वेळी विचार केला नाही. घाई होती. यांतलं एकही उत्तर टिकत नाही, कारण त्याच सकाळी, माझ्या टेबलावर, माझा स्वतःचा फॉर्म भरताना त्याच रकान्यात मी 'नाही' वर खूण केली होती. विचार करून केली होती. त्या खुणेचा अर्थ काय होतो आणि कंपनीत त्याचं काय होतं, हे बाकी कुणापेक्षा मला जास्त माहीत होतं. आपली गोष्ट लपवताना मी हुशार होते. दुसरीची लिहिताना मी प्रामाणिक झाले.

त्या परत आल्या. "कुठं सही?" मी बोट ठेवलं. त्यांनी सही केली. वाचून दाखवू का, असं बाकीच्या अकराजणींना मी विचारलं. त्यांना विचारलं नाही.

दहा दिवसांनी यादी नोटीस बोर्डावर लागली. चार नावं होती, वैजंताताईंचं नव्हतं. खाली तपासणीचा तक्ता होता आणि त्यात त्यांच्या नावापुढे इंग्रजीत शेरा होता. टेबलावरच्या लताबाईंनी मला हाक मारली, "मॅडम, वैजीच्या पुढं काय लिवलंय ओ? लई लांबडं हाय."

"डॉक्टरांचं काहीतरी आहे," मी म्हटलं.

पण त्या चष्म्यातून वाचत होत्या आणि त्यांच्या हातात मोबाइल होता. त्यांनी शब्दावर कॅमेरा धरला. पडद्यावर मराठी उमटलं, त्यात 'मानसिक विकार' हे शब्द होते. लताबाईंनी ते मोठ्याने वाचलं नाही. शेजारणीला दाखवलं, तिने पुढचीला, आणि मोबाइल टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काटे सर टेबलापाशी आले. वैजंताताई एका होल्डरची कड कापत होत्या. सरांनी हात पुढे केला. "तो चाकू द्या इकडे."

"का ओ सर?"

"तुमच्या हातात नको. सेफ्टीवाल्यांनी सांगितलंय."

त्या हसल्या. सवयीने काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण हसणारं दुसरं कुणीच नव्हतं. टेबलावरच्या सगळ्याजणी होल्डरकडे बघत होत्या. शेजारच्या बाईने आपली खुर्ची थोडी पलीकडे घेतली, आवाज न करता. सहा वर्षं रोज चाकू चालवलेल्या बाईने तो मुठीकडून सरांच्या हातात दिला, धार स्वतःकडे धरून.

मी सहा फुटांवर उभी होते, पॅड आणि पेन घेऊन.

तिथून पुढे त्यांना खोकी चिकटवायला बसवलं. दहाला कोंबडा आरवायचा, पण आता साथ कुणी द्यायचं नाही. दोन-तीन दिवसांनी त्यांनी तो गजरच बंद केला. पुण्याच्या डॉक्टरांकडून कामाला योग्य असल्याचं पत्र त्यांनी आणलं. एचआरच्या सरांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि पुढच्या यादीला बघू म्हणाले. त्या दिवशी मी ठरवलं, की जाऊन सांगायचं: सर, फॉर्म मी भरला. त्यांना रकाना कळला नव्हता. हा आजार मशिनवर काम करायच्या आड येत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

मी केबिनच्या दारात उभी राहिले. सरांनी मान वर केली. "बोला मॅडम. काय काम?"

"सर, प्रिंटरचे कागद संपलेत."

महिना भरला तेव्हा ठेकेदाराने वैजंताताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या गेल्या तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. आठवड्याभरात मला वाटू लागलं होतं, की आपल्याला मीटिंग होती हे बरंच झालं. एवढी मी घसरले होते.

पुढच्या वर्षी मला पुण्यात नोकरी लागली. काम गेल्यावर वैजंताताई कारेगावच्या खोल्या सोडून माहेरी गेल्या होत्या, एवढं लताबाईंकडून कळलं होतं. राजीनामा दिल्यावर एका रविवारी घरी न सांगता मी राहूला गेले. न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून. स्टँडवर एका टपरीवाल्या आप्पांना विचारलं, "वैजंताताई कुठे राहतात? आधी कारेगावला कंपनीत होत्या."

"कंपनीतनं डोकं फिरून आली, ती व्हय?" आप्पांनी अगदी सहज विचारलं, जसं एखाद्याचं घर उंबराजवळचं का म्हणून विचारावं. "भावाच्या नर्सरीत असंल. कॅनॉलच्या कडंनं जा."

मी लिहिलेले ते शब्द कंपनीतून निघून, नदी ओलांडून, माझ्या आधी इथे पोचले होते.

नर्सरीत उसाची रोपं करत होते. हिरव्या जाळीखाली सात-आठ बाया प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये उसाच्या एकेक डोळ्याच्या टिपऱ्या लावत होत्या. वैजंताताई त्यांच्यात बसलेल्या नव्हत्या. एकीचा ट्रे बघ, दुसरीची टिपरी उलटी कर, पाण्याचा पाइप ओढ, असं चाललेलं. मला बघून ओरडल्या, "अगं बया, मॅडम!" हात चिखलाने भरलेले, म्हणून कोपरांनीच मला धरून सावलीत नेलं. पाणी मागवलं. आई कशी आहे, लताबाईंच्या पोरीचं लग्न झालं का, काटे सरांचं टक्कल वाढलं का, सगळं एका दमात. प्रांजल बरी होती, फक्त औषधाला पुण्याला जायला आता दोन गाड्या बदलाव्या लागायच्या आणि महिना-महिना चुकायचा. हे त्यांनी तक्रार म्हणून नाही, सांगायचं म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, "ताई, तो फॉर्म..."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

"मी लिहिलं होतं त्यात."

"अक्षर तुझंच व्हतं की. सरांनी टेबलावर माझ्यापुढंच ठेवलावता. इचारलं बी, कुणी भरला म्हणून. म्या म्हणलं, मीच लिवायला सांगितलं."

"का?"

"तुझं नाव घिऊन मला कायम करनार व्हते व्हय?"

त्या हे रागाने म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी खाली चिखलाकडे बघत सांगितलं, की मलाही तेच आहे. नववीपासून. तीच गोळी.

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या माझ्यासमोर न हलता बसल्या. पलीकडे पाइपमधून पाणी वाहून चाललं होतं. त्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही.

"आन् तुझ्या फॉर्मवर काय लिवलंस?"

"नाही म्हणून लिहिलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर मी नीट वाचायला थांबले नाही, नजर काढून घेतली. त्या म्हणाल्या, "बरं केलंस."

मग उठून पाइप बंद केला.

मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. गाडी दिसल्यावर एवढंच विचारलं, "गोळी येळंवर घेतीस का?"

"कधी कधी राहते."

"ऱ्हाऊ द्यायची न्हाई. म्या इथं सोडून सोडून घेती, मला कळतंय काय व्हतं ते. तुला पुण्यात मिळती. रोज घ्यायची."

मी मान हलवली आणि गाडीत चढले. कंडक्टर पुढच्या माणसाचं तिकीट फाडत होता. खिडकीतून मला जाळीखालच्या बाया दिसत होत्या. त्या मघापासून आमच्याकडेच बघत होत्या. त्यांतली एक उभी राहून ओरडली, "वैजे, कोन गं त्या?"

"आमच्या कंपनीतल्या मॅडम."

"कशापायी आल्यावत्या एवढ्या लांब?"

मी खिडकीची दांडी घट्ट धरली. ज्या बाईच्या जिभेच्या तावडीतून बोकडापासून सुपरवायझरच्या टकलापर्यंत काहीही सुटत नसे, ती रस्त्याच्या मधोमध, माझ्याकडे पाठ करून उभी होती, आणि सात-आठ बाया उत्तराची वाट बघत होत्या. गाडी हलली.

"सहज," वैजंताताई म्हणाल्या.